घरी आत्या आहेच

आमच्या समोरच्या दाराला कुलूप लागलेलं मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. कुलूप होतं, चांगलं दणकट होतं, दाराच्या आतल्या खुंटीला टांगलेलं असायचं. ते लावायची वेळच यायची नाही, कारण घरी आत्या असायची. सगळं घर लग्नाला जावो, मयताला जावो, नाहीतर हवापालटाला जावो, जिना उतरताना कोणी ना कोणी म्हणायचंच, घरी आत्या आहेच. गॅस बंद केलाय, नळ बंद केलेत, त्याच सुरात.

आत्या म्हणजे त्या घरातल्या कर्त्या माणसाची सख्खी धाकटी बहीण. पोरांचं ऐकून ऐकून सगळी इमारत तिला आत्या म्हणायला लागली. मीही म्हणते, तिच्याच वयाची असून. ती मला समोरची म्हणते. आमची दारं समोरासमोर आहेत आणि मधे जिन्याची एवढीशी जागा आहे, त्यामुळे त्या घरात काय शिजतं आणि काय करपतं ते मला कोणी सांगावं लागत नाही. आता कोणी म्हणेल, दुसऱ्याच्या घरात एवढं नाक कशाला खुपसायचं. खुपसते मी. त्या घरातल्या लोकांना स्वतःच्या घरात नीट बघायला वेळ नव्हता, म्हणून खुपसते.

हे राखणीचं कसं सुरू झालं ते मला चांगलं माहीत आहे. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच इथे राहायला आले होते. आत्याच्या भावाचं लग्न होतं. सगळे गेले, सगळ्यांत शेवटी आत्या घराबाहेर पडली. संध्याकाळी नव्या नवरीला घेऊन परत आले तर घरात कपाटं उघडी आणि कपडे जमिनीवर. दागिने गेले होते. त्यात आईनं आत्याच्या लग्नासाठी एकेक करून जमवलेलेही होते. आई तिथेच खाली बसली आणि पोरीकडे बघून म्हणाली, "मागच्या दाराची कडी तू लावली होतीस ना?"

बस, एवढंच. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. पोलिस आले तेव्हा सगळ्यांना दिसलं की चोर न्हाणीघराच्या खिडकीचा गज वाकवून आत आला होता. नळाच्या पाइपवरून चढला असणार. मागच्या दाराची कडी जिथल्या तिथे होती, घट्ट. तो वाकलेला गज मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. पण तोवर प्रश्न विचारून झाला होता, आणि नंतर त्या धावपळीत तिला कोणी येऊन सांगितलं नाही की बाई गं, तुझी काही चूक नव्हती. पुढे आई वारली, गज बदलला, खिडकीही बदलली. प्रश्न तेवढा तिच्या अंगाला चिकटून राहिला.

त्यानंतर नात्यातलं पुढचं लग्न आलं तेव्हा कोणीतरी घरी थांबायला हवं असं बोलणं निघालं, आणि आत्या आपणहून म्हणाली, मी थांबते. तेव्हा म्हणाली ते म्हणाली. पुढे कोणी विचारलंच नाही. तिचं स्वतःचं लग्नही राहून गेलं. मोडलं नाही, नाकारलं नाही, राहून गेलं. आधी दागिने नव्हते म्हणून पुढच्या वर्षी बघू झालं, मग वहिनीचं पहिलं बाळंतपण आलं, मग आई आजारी पडली. अशी राहून गेलेली माणसं घरात फार उपयोगी पडतात, हे मी पाहिलेलं आहे.

पोटापाण्यासाठी तिनं शिवणयंत्र घेतलं. बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, अशा कोनात ठेवलं की दारही दिसावं आणि रस्ताही. पँट आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं सांधणं, असली कामं. हळूहळू लग्नाचे कपडेही यायला लागले. इमारतीतल्या कितीतरी नवऱ्यामुलींचे कपडे तिच्या हाताखालून गेले. अंगावर बसतात की नाही ते ती बघायची, पण ते कपडे घालून मुलगी लग्नात उभी राहिलेली मात्र तिनं पाहिली नाही. ती फोटोत बघायची. फोटोतही आधी शिवण बघायची.

राखण मात्र करावी तर तिनंच. घर रिकामं पडलं की ती दाराबाहेर पुरुषांच्या चपलांचे दोन-तीन जोड काढून ठेवायची. दोरीवर भावाचा शर्ट वाळत घालायची, वाळलेला असला तरी पुन्हा ओला करून. एका खोलीतला दिवा बंद करून दुसऱ्या खोलीतला लावायची, म्हणजे घरात माणसं फिरतायत असं रस्त्यावरून वाटावं. आणि बेल वाजली की आतल्या बाजूला तोंड करून मोठ्यानं म्हणायची, अहो, बघता का जरा कोण आलंय. आता ते अहो कोण, हे देवालाच ठाऊक. एकदा दारात मीच होते. मी म्हटलं, येऊ देत त्यांना, मलाही बघायचंय कसे दिसतात. दार उघडलं आणि आम्ही दोघी उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. तरी पुढच्या वेळी बेल वाजवली तेव्हा आतून तोच आवाज आला.

कडी तपासण्याचं तर विचारू नका. मागच्या दाराची कडी लावायची, ओढून बघायची, यंत्रावर येऊन बसायची, चार टाके घालायचे की पुन्हा उठायचं. पोरं तिला चिडवायची, आत्या, कडी रडतेय बघ. ती हसायची आणि जाऊन बघून यायची.

लोक लग्नाहून परत आले की तिच्यासाठी डबा आणायचे. आठवणीनं आणायचे, हे खरं, खोटं कशाला बोलू. पण डबा तो डबाच. कोरडं ओलं एकात एक झालेलं, वर तुपाचा थर थिजलेला. ती तो गरमसुद्धा करायची नाही. उभ्या उभ्या खायची आणि विचारायची, कसं झालं सगळं? आणि सगळे इतके दमलेले असायचे की, मस्त झालं, एवढं म्हणून झोपायला जायचे.

एकदा मी तिला सरळच विचारलं होतं, कंटाळा येत नाही का तुला. ती सुईत दोरा ओवत होती. तिचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नव्हते, दोरा दोनदा चुकला.

"कंटाळा नाही गं," ती म्हणाली. "सारखं कान लावून बसायचं ना, त्यानं दमायला होतं. घरात सगळे असले तरी आता कान खाली ठेवता येत नाही."

मी तिच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि घरी आले. त्या दिवशी माझ्या हातची भाजी खारट झाली.

आता छोटीबद्दल सांगते. छोटी म्हणजे आत्याच्या भावाची धाकटी मुलगी. उंचीनं घरात सगळ्यांच्या वर गेली तरी छोटीच. तिची आई नोकरी करायची, त्यामुळे ती वाढली आत्याच्या यंत्राखाली. पायाशी चिंध्या घेऊन बसायची आणि बाहुलीच्या घराला कुलपं शिवायची. हो, कुलपं. बटणांची. दुसऱ्या पोरी बाहुलीला झगे शिवतात, हिनं दाराला कुलूप शिवलं. ज्या घरात जे दिसतं तेच पोर शिकतं.

तर छोटीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत होता. मोठा समारंभ नको, हॉलमध्येच विवाह नोंदणीचा अधिकारी येईल, सह्या होतील आणि मग जेवण, असं दोघांनी ठरवलं. दोन्हीकडून साक्षीदार लागणार होते. घरात कोणत्या मामाला मान द्यायचा यावर खल चालला होता. छोटीनं तो एका वाक्यात संपवला. माझ्या बाजूनं आत्या सही करणार, म्हणाली.

मी तिथेच होते, साखर मागायला गेले होते. खरं तर साखर घरात होती. खोली अशी गप्प झाली की यंत्राचं चाक थांबलेलंही ऐकू आलं. भाऊ म्हणाला, अगं पण घर? वहिनी म्हणाली, वन्संना गर्दीचा त्रास होतो, नाही का हो वन्सं? आणि वन्सं, म्हणजे आपली आत्या, म्हणाली, हो ना, मला कुठे जमतंय, मामांनाच करू दे. छोटी म्हणाली, मग मी लग्न इथेच करते, या खोलीत, साहेबांना जिना चढून यायला सांगा. पोरगी आपल्या बापावर गेली आहे, एकदा हट्टाला पेटली की घोडं तिथेच अडतं.

त्या रात्री आत्या माझ्याकडे आली आणि सही करून दाखव म्हणाली. मी विचारलं कशाला. तर म्हणाली, माझी सही लहान पोरीसारखी येते, जरा मोठ्या बाईची कशी असते ते बघू दे. मग तिनं कपडे बेतायच्या कागदावर पुन्हा पुन्हा सही केली. आपली बाई जायचं मनावर घेतेय हे मला तेव्हा कळलं, आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आता प्रश्न राहिला घराचा. एखादा राखणदार ठेवावा, तर तोच झोपायचा. मी थांबते म्हटलं, तर छोटी माझ्यावरच डाफरली, समोरची काकू पहिल्या रांगेत हवी म्हणे. मी भावाला म्हटलं, अहो, दागिने सगळे तुमच्या अंगावर, कपडे तुमच्या अंगावर, मागे राहणार काय, गाद्या? तो म्हणाला, तुम्हाला कळत नाही, लग्नघरावर चोरांचा डोळा असतो. एकदा दुधानं पोळलेलं घर ते, त्यांना काय सांगायचं.

शेवटी यंत्रंच आली. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप, मागच्या दाराला हात लावला की बोंबलणारी घंटा, आणि बाहेरच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात कॅमेरा. त्यातलं चित्र भावाच्या फोनवर दिसणार होतं, तो जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी. बसवायला आलेल्या कॅमेरेवाल्यानं शिडीवरून विचारलं, दिवसा घरात कोण असतं? सगळ्यांनी आत्याकडे बोट दाखवलं. रात्री? पुन्हा आत्याच. गावाला वगैरे जाता तेव्हा? तेव्हाही आत्या. तो बिचारा शिडीवर थांबला आणि म्हणाला, मग हे कशाला लावताय? भावानं त्याला आपलं काम करायला सांगितलं.

पहिल्याच दिवशी त्या घंटेनं सगळी इमारत गोळा केली. आत्या सवयीनं मागची कडी बघायला गेली होती. घरातल्या चोराला घंटेनं बरोबर पकडलं म्हणून आम्ही खूप चिडवलं तिला. आकड्यांचं कुलूप तर तिला कधीच जमलं नाही. आकडे पाठ व्हायचे, पण बोट लावलं की उलटसुलट व्हायचे. एवढी वर्षं त्या घराची राखण केलेली बाई, आणि आता ती बाहेर राहिली असती तर तिला स्वतःच्या घरात शिरता आलं नसतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही सगळे खाली गाडीत बसलो तरी आत्याचा पत्ता नव्हता. भाऊ भोंगा वाजवतोय, वहिनी घड्याळ बघतेय. मी वर जाऊ का म्हणेपर्यंत ती आली. तिनं स्वतःसाठी शिवलेले कपडे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. गडद निळे, साधे, पण अंगावर असे बसले होते की वहिनीसुद्धा घड्याळ विसरली. गाडीत बसताना ती माझ्या कानात म्हणाली, चपला बाहेर काढून ठेवल्यात, दोन जोड. आणि शर्टही वाळत घातलाय. म्हटलं, अहोंना सांगून आलीस की नाही? ती हसली, पण गाडी वळेपर्यंत तिची मान मागेच होती.

हॉल ठीक होता. एका टोकाला टेबल, फुलं, मागे खुर्च्यांच्या रांगा, आणि उजव्या अंगाला जाडजूड खांबांची ओळ. खांबांच्या पलीकडे जेवणाची मांडामांड चालली होती. मी पहिल्या रांगेत बसले आणि शेजारच्या खुर्चीवर माझी पर्स ठेवून आत्याची जागा धरली. आली की म्हटलं असतं, ही बघ, इथून शिवणसुद्धा दिसेल. माणसं येत होती, भेटत होती, ही जागा कोणाची असं विचारत होती. मी प्रत्येकाला सांगितलं, साक्षीदाराची. मलाच ते म्हणायला फार आवडत होतं.

साहेब आले. घाईत होते, त्यांना पुढे आणखी कुठे जायचं होतं. छोटी आणि नवरामुलगा टेबलाशी उभे राहिले. दोघांच्या सह्या झाल्या, टाळ्या पडल्या. मुलाकडच्या काका-काकूंनी सह्या केल्या. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर अजून पर्सच.

"आत्या कुठेय?" छोटीनं विचारलं.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. इथेच तर होती, कोणी म्हणालं. साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. वहिनीनं पहिल्या रांगेतल्या मामांना खुणावलं, उठा तुम्ही, करून टाका, वन्संना काही वाटायचं नाही त्याचं. आणि मामा उठले. त्यांचाही दोष नाही, नवे बूट घालून बसले होते, त्यांनाही कोणी बोलावलं तर हवंच होतं. छोटीनं पेन टेबलावरून उचललं, टोपण लावलं आणि मुठीत धरून उभी राहिली. साहेब म्हणाले, मी फार थांबू शकणार नाही. मी पर्स उचलली आणि उठले.

ती मला खांबाच्या मागे सापडली. तिथे घडीच्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या आडोशाला भिंतीत खाली फोन चार्ज करायचा एक प्लग होता. आत्या एका खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. हातात भावाचा फोन. फोनची वायर इतकी तोकडी की तिला वाकूनच बसावं लागत होतं. मान वळवली असती तरी तिला खांबच दिसला असता. अख्ख्या हॉलमध्ये लग्न दिसणार नाही अशी ती एकच जागा असेल, आणि आमची बाई नेमकी तिथे.

काय झालं असणार ते मला न विचारताच कळलं. भावाला पाहुण्यांना बघायचं होतं. त्यानं जाता जाता फोन तिच्या हातात दिला असणार, घराकडे जरा लक्ष ठेव म्हणाला असणार. कॅमेऱ्यानं फोनची बॅटरी खाल्ली असणार. मग चार्जर लावायला प्लग शोधत शोधत ही इथवर आली. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या घरात कधीच कोणाच्या मनात वाईट नसतं, हाच माझा सगळा संताप आहे.

"ऊठ," मी म्हटलं. "सहीसाठी थांबलेत सगळे."

"हळू, वायर निघेल."

"निघू दे. मामा बसतायत तुझ्या जागेवर."

ती उठली नाही. फोनकडेच बघत होती. मी वाकून पाहिलं. त्यांची बाहेरची खोली दिसत होती, छताच्या कोपऱ्यातून दिसते तशी. बंद दार, खिडकी, यंत्र, यंत्रापुढची खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर तिची मोजायची टेप लोंबत होती. काही हलत नव्हतं.

"मी मघापासून बघतेय," ती म्हणाली. "मी नसले की हे असं असतं. काही होत नाही गं. नुसती खुर्ची असते."

तिचा आवाज अगदी साधा होता, दूध आलं का विचारावं तसा. तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं, आणि तिला कळलंय हेही कळलं होतं. काही म्हणायला तोंड उघडलं असतं तर तिच्या आईपासून सगळ्यांचं निघालं असतं, आणि तिकडे साहेब घड्याळ बघत होते.

"कडी लागलेली होती," मी म्हटलं. "त्या दिवशी. मी पाहिली होती. घट्ट लागलेली होती."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे वर पाहिलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीच लावली होती ना."

टेबलाकडून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"दे तो इकडे," मी म्हटलं. "मी बघते. तू जा."

"लक्ष ठेवशील?"

"डोळ्याचं पातं लवू देणार नाही. जा आता."

तिनं फोन माझ्या हातात दिला, वायर सरळ केली, कपड्यांवरची सुरकुती हातानं मोडली आणि खांबाला वळसा घालून गेली. मी तिच्याच खुर्चीवर बसले, भिंतीकडे तोंड करून. शब्द दिला होता ना. आणि ती मधेच वळून बघणार हे मला पक्कं माहीत होतं. तिनं बघितलंही. मी फोन वर करून दाखवला.

तर सांगायचं म्हणजे, आत्यानं सही केली ती मी पाहिली नाही. पहिल्या रांगेतली जागा धरून बसलेली मी, खांबाच्या मागे भिंत बघत होते. मला ऐकू तेवढं आलं. आधी शांतता झाली, बराच वेळ, कारण ती मोठ्या बाईची सही करत असणार, सावकाश. मग छोटीचा रडवेला हसण्याचा आवाज आला आणि मग टाळ्या. आधीच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या, असं मला वाटलं, पण मला वाटणारच.

फोनमध्ये खिडकीचा पडदा हलला. नीट पाहिलं तर वारा होता. मग दाराशी सावली दिसली, तीही पडद्याचीच. रिकाम्या खोलीकडे बघत बसणं इतकं दमवणारं असतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, बसूनच तर असते. त्या एवढ्याशा वेळात माझी मान आखडली, आणि मला रडू आलं ते आलंच. रडताना नजर हलवता येईना, म्हणून तसंच ओघळू दिलं.

ती परत आली तेव्हा तिच्या बोटाला शाई लागली होती. सहीनंतर अंगठाही उठवून घेतला होता म्हणे. छोटीनं तिला धरून ठेवलं होतं, सुटायला वेळ लागला. माझं तोंड तिनं पाहिलं, पण विचारलं भलतंच.

"काही झालं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "पडदा हलला एकदा."

"तो हलतो," ती म्हणाली. मग पलीकडे बघितलं. जेवणाची भांडी उघडली होती, वाफ वर जात होती. ती त्या वाफेकडे जरा बघत राहिली. मग वाकली आणि भिंतीतून वायर उपटली. गुंडाळी केली, नीट, तिच्या टेपेची करते तशी, आणि माझ्या पर्समध्ये टाकली, फोन तिथेच खुर्चीवर ठेवून दिला.

"चल, जेवून घेऊ," म्हणाली. "गरम आहे तोवर."

आम्ही शेजारी शेजारी बसलो. तिनं पहिला घास घेतला आणि जीभ भाजली. बाईनं लग्नात जीभ भाजून घेतली आणि हसायला लागली. तेवढ्यात भाऊ घाईघाईनं आला, बंद पडलेला फोन हातात घेऊन, कपाळाला घाम.

"अगं, घर दिसेनासं झालंय," तो म्हणाला.

आत्यानं घास चावून संपवला. ताट थोडं पुढे केलं.

"होय का," ती म्हणाली. "जाता जाता वाढणाऱ्यांना सांग, मला अजून वाढा म्हणावं."